मधला मारुतीजवळचं बियांचं दुकान: चिंचोक्यांना साडेचार स्टार, पावडरीला दोन

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबलचक आहे, कारण या दुकानात मी दीड वर्षात वीसेक वेळा तरी गेले असेन आणि त्यातल्या एकदा तर भांडायला गेले होते.

दुकान सोलापुरात, मधला मारुतीच्या आतल्या बोळात. नावाची पाटी होती म्हणे कधीकाळी, आता तिच्यावर मोबाइल रिचार्जचं फाटकं बॅनर ठोकलेलं आहे, त्यामुळे नाव मलाही माहीत नाही. मालकांना सगळे मामा म्हणतात. दहा बाय बाराची खोली, तिन्ही भिंतींना गोण्या, तोंडं दुमडून ठेवलेली, प्रत्येकीत पत्र्याचं माप खोचलेलं. मेथी, अळशी, सब्जा, हळीव, गवारीचं बी, इसबगोल, रिठे, बिब्बे आणि मागच्या कोपऱ्यात चिंचोके. आत पाऊल टाकलं की आजीचं फडताळ उघडल्यासारखा वास येतो.

मी काही हौसेनं गेले नव्हते. एम.फार्मचा प्रोजेक्ट होता, बियांमधलं पॉलिसॅकराइड काढायचं आणि ते नक्की काय आहे ते तपासायचं. म्हणजे बघा, मेथी भिजवली की हाताला बुळबुळीत लागते, सब्जा पाण्यात टाकला की फुगून त्याभोवती जेली येते, हे सगळं साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्यांमुळे होतं, त्या साखळ्या बाकीच्या तेल-प्रोटीन-चोथ्यातून वेगळ्या करायच्या, वाळवायच्या, आणि मग गोळीत बाइंडर (गोळी बांधून ठेवणारा चिकट पदार्थ) म्हणून किंवा औषध हळूहळू सुटावं म्हणून वापरता येतात का ते बघायचं. सर म्हणाले चिंचोके घे, स्वस्त आहेत आणि सोलापुरात काय चिंचोक्यांना तोटा. तोटा नाही म्हणे! चार किराणा दुकानं पालथी घातली. एकानं विचारलं जनावराला पाहिजेत का, दुसरा म्हणाला चिंच घ्या की ताई किलोभर, बिया तुम्हीच काढा. शेवटी आमच्या वाड्यातल्या आज्जींनी हे दुकान सांगितलं.

मामांचा पहिला प्रश्न अजून आठवतो. "खायला, लावायला का खळीला?"

मी म्हटलं, प्रोजेक्टला.

"म्हंजे खळीलाच. कोपऱ्यातल्या गोणीतलं दे रे हिला. नीट धर की बे काटा!" (हे शेवटचं पोऱ्याला.)

तेव्हा वाटलं माणूस उगाच मोठेपणा करतोय, चिंचोका तो चिंचोका. पण या तीन प्रश्नांवर त्यांचं सगळं दुकान चालतं हे नंतर कळलं. खायला म्हणजे टपोरे, जे लोक भाजून चघळतात. लावायला म्हणजे याच हंगामातले, ज्यांच्यात जीव आहे. आणि खळीला म्हणजे एक उन्हाळा काढलेले, खडखडीत वाळलेले, मुठीत घेऊन हलवले तर खुळखुळ्यासारखे वाजणारे. मला लागायचे ते हेच, कारण ओलसर बी मिक्सरमध्ये पेंडीसारखं चिकटून बसतं आणि सालही नीट सुटत नाही. मामांनी पॉलिसॅकराइड हा शब्द जन्मात ऐकला नसेल, पण मला माल बरोबर दिला.

खळ म्हणजे काय हे शहरातल्या पोरांना सांगायला लागेल कदाचित. विणण्याआधी ताण्याच्या सुताला कांजीसारखं काहीतरी लावतात, म्हणजे सूत मागावर घासून तुटत नाही आणि त्याचे तंतू पिंजत नाहीत. सांगोला-मंगळवेढ्याकडे घोंगडी विणणारे अजूनही चिंचोक्याची खळ करून कुंच्यानं लोकरीच्या ताण्यावर मारतात, कोऱ्या घोंगडीला जो कडकपणा आणि तो एक वास असतो ना, त्यात ह्या खळीचा मोठा वाटा. आमचे आजोबा गिरणीत सायझिंग खात्यात, म्हणजे सुताला खळ लावायच्या खात्यात होते, ते घरी आले की अंगाला कांजीचा आंबूस वास यायचा असं बाबा सांगतात. म्हणजे मी ज्याला लॅबमध्ये नॅचरल पॉलिमर म्हणून नटवते त्याच्यावर या गावाचं सूत कधीपासून चाललंय. १९४२ साली घोष आणि कृष्णा या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की सोललेल्या चिंचोक्यात ४६ ते ४८ टक्के जेलीसारखं गोठणारं द्रव्य असतं, आणि मग मुंबईच्या एका पेक्टिन कंपनीतल्या सावूरांनी ते शुद्ध करायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि त्या मालाला 'जेलोज' असं नावही होतं. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग आमचा आजा काय पेटंट घ्यायला गेला नाही म्हणून राहिलंच."

आता पावडरीबद्दल, जिला मी दोन स्टार दिलेत.

मामांकडे तयार चिंचोका पावडर मिळते, दोन प्रकारची, एक पांढरट पिवळी आणि एक तपकिरी. मी सुरुवातीच्या एका खेपेला शहाणपणा करून पावडरच नेली, दोन्ही प्रकार, कोण बसतंय सोलत म्हणून. चूक. तपकिरी पावडर म्हणजे सालीसकट दळलेली, आणि चिंचोक्याच्या लालसर सालीत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर असतं. पाण्यात कालवून टॅनिन ओळखायला फेरिक क्लोराइडचा एक थेंब टाकला की शाईसारखा काळपट रंग. सालीचा भागही थोडाथोडका नसतो, वजनाच्या साधारण तीस टक्के सालच असते, म्हणजे तुम्ही किलोचे पैसे देता आणि पाव किलोच्या वर साल घरी नेता. ही पावडर मागवाल्यांसाठी ठीक असेल, औषधाच्या कामाला नाही. शिवाय खळीच्या मालात बुरशी लागू नये म्हणून काहीबाही घालायची पद्धत असते, त्यामुळे खाण्याच्या किंवा गोळीच्या कामाला अशी पावडर मुळीच आणू नका, कुठल्याही दुकानातून.

पांढरट पावडर बरी निघाली, आणि तिच्याचवरून मी माझी शोभा करून घेतली.

झालं असं की भेसळ आहे का बघावं म्हणून मी तिच्यावर आयोडीन टाकलं. शाळेतला प्रयोग, स्टार्च असेल तर निळं होतं. झालं निळसर हिरवं. डोकं फिरलं माझं. मक्याचं पीठ मिसळतात म्हणजे, आणि वर खळीला देतो म्हणतात! टेस्ट ट्यूब रुमालात गुंडाळली, गाडी काढली आणि भर दुपारी दुकानात जाऊन चार गिऱ्हाइकांसमोर मामांच्या नाकासमोर धरली. मामांनी चष्मा वर केला, बघितलं, काही बोलले नाहीत. गोणीतला एक चिंचोका उचलला, दगडावर ठेवून वजनानं फोडला, आतली पांढरी डाळ माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "ह्याच्यावर टाक तुझं औषध."

ड्रॉपर पर्समध्येच होता. टाकलं. तोच रंग.

कंट्रोल, म्हणजे तुलनेला खात्रीचा नमुना, घेतल्याशिवाय टेस्टवर विश्वास ठेवायचा नाही हे मला बी.फार्मच्या पहिल्या वर्षापासून शिकवतायत, आणि तो कंट्रोल मला बियावाल्या मामांनी फोडून दिला. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की चिंचोक्यातलं पॉलिसॅकराइड स्वतःच आयोडीनबरोबर निळसर हिरवा रंग देतं, म्हणून तर जुन्या वनस्पतीशास्त्रज्ञांनी अशा द्रव्यांना 'अमायलॉइड', म्हणजे स्टार्चसारखं दिसणारं, असं नाव दिलेलं. खरंच स्टार्च मिसळलंय का ते बघायचं असेल तर आधी अमायलेज एन्झाइम घालून ठेवायचं, ते स्टार्चच्या साखळ्या तोडतं पण चिंचोक्याच्या साखळ्यांना हात लावू शकत नाही, आणि मग आयोडीन टाकायचं. किंवा सरळ मायक्रोस्कोपखाली स्टार्चचे दाणे दिसतात का बघायचं. मामांची माफी मागितली. ते म्हणाले, "चहा पी." मग तीस रुपयांची मेथी उगाच विकत घेऊन आले, नुसतं कसं निघायचं.

साखळीचा आकार एकदा डोळ्यापुढे आला की बाकीचं समजायला सोपं जातं म्हणून सांगते. चिंचोक्यातल्या पदार्थाला झायलोग्लुकन म्हणतात. ग्लुकोजचे मणी एकापुढे एक ओवलेले, बीटा १-४ जोडणीनं, अगदी कापसातल्या सेल्युलोजसारखे. पण सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही आणि हे विरघळतं, कारण या माळेला जागोजागी झायलोज नावाच्या दुसऱ्या साखरेची लोंबणं आहेत आणि काही लोंबणांच्या टोकाला गॅलॅक्टोज ही तिसरी साखर. ह्या लोंबणांमुळे दोन माळा एकमेकींना घट्ट चिकटून बसू शकत नाहीत, मध्ये पाणी शिरतं. ग्लुकोज, झायलोज, गॅलॅक्टोज यांचं प्रमाण साधारण २.८ : २.२५ : १ असं पुस्तकात देतात. कणा कापसासारखाच असल्यामुळे सुतावर ते छान बसतं, त्यामुळे माग आणि चिंचोका ही जोडी काही योगायोगानं जमलेली नाही.

अख्खे चिंचोके आणले तर सोलायचं काम मात्र तुमच्या गळ्यात. दोन रस्ते आहेत, भाजून किंवा भिजवून. मी आधी भाजले. कढईत वाळू घालून, शेंगदाणे भाजतो तसे. साल तडकते, मग खलबत्त्यात हलक्या हातानं ठेचायचे, पाखडायचे, आत पिवळसर पांढरी डाळ निघते. ही डाळ दळायला मी चक्कीत घेऊन गेले तर चक्कीवाल्या काकांनी हातच जोडले, "माझी ज्वारी खराब होईल, पोरी, लोकांच्या भाकरीला वास मारंल." बरोबरच होतं त्यांचं. मग घरच्या मिक्सरवर. दुसऱ्या दिवशी मिक्सरच्या भांड्याचं पातं वाकलं आणि आई दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. चिंचोका दगड आहे दगड. आधी ठेचून बारीक तुकडे करा, मगच मिक्सर, आणि थोडं थोडं, नाहीतर मोटर जळेल.

पहिल्या बॅचचं पॉलिसॅकराइड मोठ्या अभिमानानं डबीत भरून मामांना दाखवायला नेलं. त्यांनी शेजारच्या टपरीवरून ग्लासभर उकळतं पाणी मागवलं, चिमूटभर टाकलं, काडीनं ढवळलं, निवू दिलं, आणि मग अंगठा आणि बोटात धरून ओढून बघितलं, आई पाकाची तार बघते ना तसं. तार येईना.

"जास्त भाजलंस. डाळ तांबूस झाली असंल. तांबूस झाली की खळ मेली."

झालीच होती तांबूस. मी बदामी रंग चांगला दिसतो म्हणून अजून दोन मिनिटं ठेवली होती कढई. दुसऱ्या बॅचला चिंचोके भिजवून साल काढली, उष्णता जवळजवळ लावलीच नाही. दोन्हींचं एक टक्का द्रावण ऑस्टवाल्डच्या नळीत (द्रव किती घट्ट आहे ते वाहायच्या वेळेवरून मोजायची काचेची नळी) घालून वेळ लावली तर पहिली बॅच दुसरीच्या जवळपास निम्म्या वेळात खाली आली. जास्त उष्णतेनं साखळ्या तुटतात, आखूड साखळ्या पातळ पाण्यासारख्या वाहतात, वर प्रोटीन आणि साखर करपून रंग येतो. माझ्या थीसिसमध्ये याचा एक तक्ता आणि दोन ग्राफ आहेत. मामांनी ते एका ग्लासात सांगितलं होतं. थीसिसच्या आभारात त्यांचं नाव घालणार होते पण त्यांनी नको म्हटलं, "कॉलेजातली माणसं हिकडं भाव पाडून मागायला येतील."

काढायची रीत कुणाला हवी असेल तर ही घ्या, मी जशी केली तशी. वीस ग्रॅम पीठ दोनशे मिली गार पाण्यात गुठळ्या न होता कालवायचं. मग आठशे मिली पाण्याचं आधण ठेवायचं आणि हे कालवलेलं त्यात धार धरून सोडायचं, सतत ढवळत. पिठलं ज्यांना येतं त्यांना हे शिकवावं लागत नाही, आणि ज्यांना येत नाही ते पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकतात आणि मग वरून चिकट आणि आतून कोरड्या अशा गोळ्या होतात ज्या काही केल्या फुटत नाहीत (आमच्या बॅचचा एक मुलगा, नाव घेत नाही, त्यानं सलग तीन वेळा). वीस मिनिटं उकळू द्यायचं. गार पाण्यात हे पॉलिसॅकराइड नुसतं फुगतं, विरघळायला आधणच लागतं. मग रात्रभर ठेवायचं म्हणजे प्रोटीन आणि चोथा तळाला बसतो.

आता हे "रात्रभर ठेवा" ज्यांनी लिहिलं ते सोलापूरचे नव्हते. एप्रिल-मे महिन्यात दिवसा बेचाळीस आणि रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या, सकाळी भांड्याचं झाकण काढलं तर आंबट वास आणि वर फेस. अख्खी बॅच नाल्यात. त्यानंतर फ्रीज, आणि फ्रीजमध्ये "खाऊ नये" अशी चिठ्ठी चिकटवून, कारण हॉस्टेलवर कोणीतरी ते खीर समजून चमचाभर चाखलं होतं. त्याला काही झालं नाही, गोड नाही म्हणून तक्रार केली फक्त.

वरचं पाणी हलकेच वेगळं करायचं, सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून गाळ तळाला बसवणारं यंत्र) असेल तर ५००० आरपीएमला वीस मिनिटं, नसेल तर मलमलीतून दोनदा गाळायचं आणि ते कमीच पडतं हे मान्य करायचं. मग या द्रावणाच्या दुप्पट अल्कोहोल घ्यायचं आणि त्यात हे ओतायचं. इथे खरी मजा आहे. पाण्यात मजेत पसरलेल्या साखळ्यांना अल्कोहोल आलं की पाणी मिळेनासं होतं आणि त्या एकमेकींना बिलगून पांढऱ्या दोऱ्यांसारख्या वर येतात, जत्रेतले म्हातारीचे केस पाण्यात तरंगावेत तसं दिसतं. सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर लहानपणी जितकी खूश व्हायचे तितकीच मी पहिल्यांदा हे बघताना झाले. काचेच्या कांडीवर गुंडाळून काढता येतात. पुन्हा अल्कोहोलनं धुवायचं, पिळायचं, पन्नास-साठ डिग्रीला ओव्हनमध्ये वाळवायचं आणि कुटून चाळायचं. उन्हात वाळवू नका, सोलापूरची धूळ फुकट मिळते पण थीसिसला नको. वीस ग्रॅममागे माझं कधी साडेआठ, कधी नऊ ग्रॅमच्या आसपास यायचं, म्हणजे १९४२ च्या आकड्यापेक्षा थोडं कमी, पण माझ्या मलमलीच्या मानानं मी समाधानी आहे. अल्कोहोल कॉलेजच्या स्टॉकमधूनच मिळतं, बाहेरून आणायला परवान्याची भानगड, म्हणून वापरलेलं टाकून देऊ नका, डिस्टिल करून पुन्हा घ्या.

ओळख पटवायच्या टेस्टबद्दल थोडक्यात, कारण हा काही दुकानाचा दोष नाही. मोलिश टेस्टमध्ये दोन द्रवांच्या मध्ये जांभळी कडी आली, म्हणजे कार्बोहायड्रेट आहे, ठीक. एकूण साखर किती ते फिनॉल आणि सल्फ्युरिक ॲसिडनं, १९५६ ची डुबॉयची पद्धत. इथे एक गोची आहे, सगळे ४९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात रंग मोजून ग्लुकोजचा स्टँडर्ड (माहीत असलेल्या साखरेचं तुलनेचं माप) काढून मोकळे होतात, पण चिंचोक्यात झायलोजही बरंच आहे आणि झायलोजसारख्या पाच कार्बनवाल्या साखरांचा रंग ४८० ला जास्त येतो, म्हणून नुसत्या ग्लुकोजवर हिशोब केला तर आकडा थोडा हलतो. मी दोन्ही साखरा मिसळून स्टँडर्ड काढला.

एफटीआयआर (नमुन्यातून इन्फ्रारेड किरण सोडून त्यात कुठले रासायनिक बंध आहेत ते दाखवणारा ग्राफ) बाहेरच्या एका लॅबमध्ये करून घेतलं, सोलापुरातलं नाही, आणि नावही नाही घेणार. ग्राफ आला तर १६४० च्या जवळ ठसठशीत खड्डा. सर म्हणाले प्रोटीन राहिलंय, पुन्हा काढ सगळं. मी रडायच्या बेतात. मग नीट बघितलं तर प्रोटीन असतं तर १५४० च्या आसपास त्याचा जोडीदारही दिसायला हवा होता, तिथे काहीच नव्हतं. १६४० चा खड्डा पाण्याचाही असतो. लॅबवाल्यांनी पोटॅशियम ब्रोमाइड (ज्यात नमुना मिसळतात तो क्षार) आणि माझा नमुना वाळवलाच नव्हता, जुलै महिना, हवा ओली. डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात, दोन दिवस ठेवून पुन्हा करायला लावलं, खड्डा जवळजवळ भरून आला. प्रोटीनची बायुरेट टेस्टही केली, जांभळं झालं नाही. पैसे दोनदा गेले ते गेलेच. मामांची ओली गोणी परवडली, निदान तिथे हात घालून ओलं आहे ते कळतं.

दुकानातल्या बाकीच्या बियाही मी तुलनेला घेतल्या, त्यांचं पटापट. गवारीचं बी, एकदम छान, स्वच्छ, खडे नाहीत. आतला डिंक गॅलॅक्टोमॅनन, म्हणजे मॅनोज या साखरेची माळ आणि साधारण दर दोन मॅनोजमागे एक गॅलॅक्टोज, आणि तो गार पाण्यातच घट्ट होतो, आधण नको काही नको. त्यात बोरॅक्सचं पाणी टाकलं की क्षणात रबरासारखा लगदा, पोरं स्लाइम करतात तसा. मामा सांगत होते २०१२ साली गवारीच्या बीला असा भाव आला होता की राजस्थानातली माणसं सोनं सोडून बी साठवायला लागली, ते अमेरिकेत जमिनीतून गॅस काढायला हाच डिंक लागत होता म्हणून. मेथीत तोच प्रकार पण मॅनोज आणि गॅलॅक्टोज जवळपास एकास एक. मेथीचा त्रास असा की वास जात नाही. तीनदा अल्कोहोलनं धुतली तरी लॅबमध्ये शिरणारा प्रत्येक जण विचारायचा आज डब्यात मेथीचे लाडू का. इसबगोल आणि अळशीत काही दळायचं नाही, द्रव्य सालीवरच असतं, कोमट पाण्यात भिजवून ढवळलं की सुटतं. इसबगोलात मुख्यतः अरॅबिनोझायलन, म्हणजे अरॅबिनोज आणि झायलोज या साखरांची साखळी, फुगतं भरपूर पण गाळायला बसाल तर सकाळची संध्याकाळ. अळशीचं पाणी केसांना लावायला माझ्या बहिणीनं पळवलं, त्यामुळे त्याचे आकडे अपुरे आहेत.

पण गोळीसाठी मला चिंचोकाच आवडला. चिकटपणा चांगला, आंबट असो की खारं, कुठल्याही पाण्यात बऱ्यापैकी टिकतो, आणि पोटात-डोळ्यात लागत नाही, डोळे कोरडे पडणाऱ्यांसाठी जे थेंब मिळतात त्यातल्या काहींत हेच द्रव्य असतं. मामांना हे सांगितल्यावर पहिल्यांदा ते थक्क झाले. "डोळ्यात? चिंचोका?" मग बराच वेळ गोणीकडे बघत बसले. पोऱ्याला मात्र बजावलं, घरी जाऊन प्रयोग करशील तर याद राख.

आता तक्रारी. पहिली, बिल. मामा बिल देतात ते पाठकोऱ्या कागदावर, "चिंचोके ५ किलो" आणि खाली आकडा, बास. आमच्या कॉलेजच्या अकाउंट्समध्ये ते दिलं तर तिथले साहेब म्हणाले हे स्टेशनरीत टाकू का गार्डनमध्ये, आणि जीएसटी नंबर कुठाय. ते पैसे मला आजतागायत मिळालेले नाहीत. दुसरी, फक्त रोख. क्यूआर कोड चिकटवलेला आहे पण तो मामांच्या भाच्याचा आणि भाचा पुण्याला. तिसरी जरा गंभीर आहे. प्रोजेक्टला बीची ओळख पटवून सर्टिफिकेट लागतं, आणि बॉटनीवाले नुसत्या बीवर सही करत नाहीत, पानं, फूल, शेंग सगळं एका झाडाचं मागतात. मामांचा माल बार्शीच्या बाजारातून येतो, तिथे चिंच फोडायला बसलेल्या बायकांपुढे चिंचोक्यांचे ढीग पडतात, गाव कुठलं आणि झाड कुठलं कोण सांगणार. शेवटी मी ओळखीसाठी विजापूर रोडला एका शेतातल्या झाडाच्या फांद्या आणल्या, आणि तुलनेसाठी त्याच झाडाचे चिंचोके वेगळे काढले. त्यामुळे पब्लिकेशनचं काम असेल तर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये स्वतः झाड धरा, दुकानचा माल पद्धत बसवायला आणि हात साफ करायला वापरा. वाया गेला तरी जीव जळत नाही, मी घेतले तेव्हा चाळीस रुपये किलो होते.

आणि पावसाळ्यात घेऊ नका. मागच्या जुलैत घेतलेल्या पाच किलोत पोरकिडे निघाले, अर्धा किलो तरी पोखरलेले होते, मामांनी बदलून दिले पण त्यासाठी बाळीवेशीच्या ट्रॅफिकमधून पुन्हा यावं लागलं आणि गाडी लावायला जागा नाही ती नाहीच.

माझ्यामागून यंदा तीन ज्युनिअर तिथे जातायत. त्यांना सांगून ठेवलंय, पॉलिसॅकराइड वगैरे बोलू नका, "खळीला" म्हणा, आणि तपकिरी पावडर फुकट दिली तरी घेऊ नका. दुकान साधारण दहाला उघडतं, दुपारी दीड ते चार मामा झोपतात, तेव्हा पोऱ्या असतो आणि तो तिन्ही गोण्यांतलं काहीही देतो. चारनंतर जा. पिशवी घरून न्या.